पांढरकड्याचा धबधबा दादांच्या फ्लेक्सामागून सोडविल्याची बखर

राजश्री चारचाकीधर, मोबाईलपाणि, रविवारविहारी पर्यटक साहेबांचे सेवेसी विनंती ऐसी जे, आपण गत श्रावणमासी करवंदवाडीचे वळणावर, मातुश्री रंगुबाई यांचे छपराखाली बसोन पिठले-भाकर सेवन करितां करितां पुसिले की, येथे कठड्याचे कडेस दोन लोखंडी खांब रिकामेच कां उभे आहेत, त्यांवर काही नाही आणि त्यांस काही टेकलेही नाही. तेव्हां तवा तापला होता, गिऱ्हाइकांची गर्दी होती, सबब सविस्तर सांगणे जाहले नाही. आतां फुरसत आहे, म्हणोन जैसे घडले तैसे लिहितो. पक्षपात करणार नाही ऐसे बखरकार लोक आरंभी लिहीतच असतात. आम्ही तैसे लिहीत नाही, कारण की आम्हांस त्या घरी पिठले दोन वेळां वाढिले गेले आहे आणि ठेचा न मागतां मिळाला आहे.

मुलुखाचे वर्णन ऐसे. आपला नगर जिल्हा, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, तो पूर्वेस कोरडा व पश्चिमेस ओला. देवाने पाऊस वाटावयास पश्चिमेकडून आरंभ केला आणि अकोले तालुक्याचे डोंगरांतच हात सैल सोडिला, मग काष्टी, नेवासे, घोडेगाव येथवर पोहोचेतों परात पुसून घ्यावी इतकेच शिल्लक राहिले. सबब आषाढ लागतांच पूर्वेकडील रयत टेम्पो भरोन पाणी पाहावयास डोंगरांत येते, आणि पुणे, नाशिक, मुंबई येथील उमराव लोक पाण्यासमोर उभे राहून स्वतःस पाहावयास येतात. या दोन्ही फौजा भंडारदऱ्याचे वाटेने घाट चढतात, आणि घाटांत करवंदवाडीचे वळण लागते, तेथे दगडी कठडा आहे, कठड्यापलीकडे दरी, दरीपलीकडे पांढरकडा आणि त्यावरोन कोसळणारा धबधबा. इतके असोन त्या वळणाची सरकारदरबारी नोंद म्हणाल तर 'अपघाती वळण' ऐसी एक पाटी आहे, आणि लोक त्या पाटीस टेकून फोटो काढितात.

त्या वळणावर रंगुबाईंचे संस्थान. संस्थान म्हणजे चार मेढी, वर ताडपत्री, काही प्लास्टिकच्या खुर्च्या, ज्यांतील एकीवर फक्त हलक्या माणसास बसवीत, आणि एक चूल. दौलत म्हणाल तर नागलीची भाकर, पिठले, ठेचा, कांदाभजी आणि चहा. पाऊस पडतो ते चार मास ही चूल पेटली तर पुढील आठ मास घरची चूल पेटे, ऐसा त्या घराचा कारभार होता. दुसरा मार्ग नव्हता, कारण की उन्हाळ्यांत त्या वळणावर शेळ्यांखेरीज कोणी थांबत नाही आणि शेळ्या भाकरीस पैसे देत नाहीत. आणि लोक थांबत ते भाकरीसाठी नव्हे, हे रंगुबाई पक्के जाणत. लोक थांबत धबधब्यासाठी, मग त्यांस थंडी वाजे, मग चुलीचा धूर नाकी जाई, मग भूक लागे. यांतील पहिले गेले तर पुढील सारे गेले.

रंगुबाईंस एक पुत्र, राजश्री रामहरी. मनुष्य दिलदार, उंच, आणि एका विद्येत निपुण, ती विद्या तारेने बांधण्याची. लग्नाचा मांडव म्हणा, सभेचा मंच म्हणा, फ्लेक्स म्हणा, रामहरींनी बायंडिंग तारेने जे बांधिले ते वाऱ्यास, पावसास आणि खुद्द रामहरींस सुटत नसे. त्यांची भार्या ज्योतीबाई. माहेर घोडेगाव, जेथे गुरांचा बाजार भरतो, आणि ज्योतीबाईंचे वडील त्या बाजारांत दलाली करीत. रुमालाखाली हात घालून बोटे दाबून भाव ठरवितात आणि तोंडाने भलतेच बोलत राहतात, ती विद्या लेकीने पाहून पाहून घेतली होती. तिचे वडील सांगत की, बैल गोठ्यांतून घालवावयाचा असेल तर त्यास नावे ठेवू नयेत, त्याचे इतके कौतुक करावे की ऐकणारास वाटावे, हा बैल येथे शोभत नाही. हे वाचकांनी ध्यानांत ठेवावे, पुढे कामास येईल.

आतां प्रतिपक्ष. घाटाखालील बाजारगावी राजश्री वैजनाथदादा म्हणोन युवा नेतृत्व उदय पावले होते. गोरगरिबांचे कैवारी, तरुणांचे आशास्थान, विकासाचे शिल्पकार इत्यादि किताब त्यांस होते, ते कोणी दिले हे आम्हांस ठाऊक नाही, परंतु छापखान्याचे बिल दादाच देत. दादांचा वाढदिवस आषाढांत येई. त्या साली बाजारगावांतील सर्व भिंती, खांब, झाडे आणि पाण्याची टाकी इतर नेत्यांनी आधीच काबीज केली होती आणि दादांस एक मोक्याची जागा कमी पडली. ही वार्ता रामहरींचे कानी गेली, आणि रामहरी हुजुरांत जाऊन अर्ज करिते जाहले की, आमचे वळणावर सारी दुनिया थांबते, तेथे लावावा, बांधावयास मी आहे. बदल्यांत काही मागणे नव्हते. इतकेच की, खालचे शुभेच्छुकांचे रांगेत आपला फोटो असावा.

दादांनी कृपावंत होऊन ते मान्य केले. रामहरींचा धड फोटो एकच होता, लग्नातील. छपाईवाल्याने त्यावरच्या मुंडावळ्या पुसिल्या, डोळ्यांस काळा चष्मा चढविला आणि शेजारी बसलेल्या ज्योतीबाईंस कापून काढिले, तरी हिरव्या शालूतील एक खांदा राहिलाच. आणि मग तो फ्लेक्स घाट चढून आला. दादा हात जोडून उभे, तेही इतके मोठे की त्यांचे मनगटावरील घड्याळांत वेळ वाचावी, आणि वरचे अंगास मान्यवरांचे फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग. आणि दादांचे पाठीमागे शोभेस म्हणोन छपाईवाल्याने मोबाईलमधून शोधून एक बिलायती धबधबा टाकिला होता. रामहरींनी कठड्याचे कडेस सिमेंटांत दोन लोखंडी खांब रोविले आणि जन्मांत बांधिले नसेल ऐसे बांधिले, आणि खाली उतरून पाहतात तों पांढरकड्याचा धबधबा दिसेनासा जाहला होता. तिकडे त्यांचे लक्ष गेले नाही. ते रांगेंतील आपला फोटो पाहात होते.

पहिला रविवार उजाडला आणि अनर्थ कळो आला. गाड्या वळणावर हळू होत, काच खाली येई, आंतील मनुष्य दादांकडे पाही, दादा त्यांजकडे पाहात, आणि काच वर जाई. तों घोडेगावाकडील एक टेम्पो थांबला, त्यांत एक कुटुंब, पोरेबाळे आणि एक वृद्ध आजी, जिने पाणी पडतांना पाहावे म्हणोन नातवांनी तिला इतक्या दूर आणिले होते. आजी खाली उतरली, फ्लेक्सासमोर पदर सावरून उभी राहिली आणि रामहरींस पुसती जाहली, "बाबा, हितं धबधबा हाय म्हनं, कुटं हाय?"

रामहरी सत्यवचनी, ते म्हणाले, "हाय ना आजी. ह्या दादांच्या पाठीमागं हाय."

आजीने दादांस खालपासून वरपर्यंत न्याहाळिले, फ्लेक्साचे कडेने वाकून पाहण्याची खटपट केली, तों नातवाने दरीचे भयाने तिचा दंड धरिला, आणि टेम्पो पुढे निघोन गेला. त्या दिवशी परातींत भिजविलेले पीठ तसेच राहिले आणि घरच्यांनीच रात्रीं भाकरी खाल्ल्या.

टेम्पो आणि गाड्या गेल्या कोठे, तर पुढील वळणावर, जेथे राजश्री सूर्यभान यांचे 'हॉटेल सूर्यदर्शन'. पावसाळ्यांत तेथे सूर्याचे दर्शन कधीच होत नसे, परंतु सूर्यभानांचे गल्ल्यावर होई. तेथोन धबधबा दिसत नाही, खाली धरणाचे पाणी तेवढे दिसते, तेही धुके उतरले तर. परंतु सूर्यभानांनी एक झोका टांगिला होता आणि भिंतीवर दोन मोठे पंख रंगविले होते, त्यांमध्ये उभे राहून साठीचे लोकही पऱ्या होत. करवंदवाडीचे वळण बंद पडले तैसा तेथे बाजार भरू लागला आणि सूर्यभानांनी खुर्च्या वाढविल्या. येतां जातां ते रंगुबाईंचे छपराशी मोटारसायकल थांबवीत आणि विचारीत, "काय वैनी, गिऱ्हाईक न्हाई व्हय आज?" आणि उत्तर न घेतां जात.

मग ज्योतीबाईंनी मोहिमेचा विडा उचलिला. येथे पर्यटक साहेबांस आमचे मुलुखाचा एक कायदा सांगणे जरूर आहे, कारण की आपण म्हणाल, फ्लेक्सच तो, तार कापावी आणि काढावा. तैसे होत नाही. फ्लेक्स चढविण्यास कोणाची परवानगी लागत नाही आणि उतरविण्यास कोणाची मिळत नाही. जित्या माणसाचा फ्लेक्स खाली घेणे म्हणजे त्याचे वाईट चिंतिणे, आणि ज्याने उतरविला तो दुसरे पक्षांत गेला ऐसे संध्याकाळपावेतों साऱ्या तालुक्यास ठाऊक होते. मग त्याचे घरचा पाण्याचा नळ, पोराचा दाखला आणि लग्नाचे आमंत्रण, सर्वांसच घोर लागतो. फ्लेक्स वाऱ्याने फाटावा अथवा त्यावर थोर नेत्याचा फ्लेक्स चढावा, हेच दोन राजमार्ग. उतरलेला फ्लेक्स मग गोठ्यावर जातो आणि नेते उताणे पडून पावसांत म्हशींचे रक्षण करितात, त्या कामी मात्र ते उत्तम.

पहिली मसलत वकिलीची. ज्योतीबाईंनी रामहरींसच वकील करून दादांकडे रवाना केले, आणि बजाविले की, फ्लेक्स चार हात बाजूस घ्यावा इतकेच बोलावे. रामहरी गेले. दादांनी त्यांस खांद्यावर हात ठेवून बसविले, चहा पाजिला आणि चौघांसमक्ष म्हणाले की, हा आपला फ्लेक्सवरचा माणूस. इतके ऐकोन रामहरी विषयच विसरले. परत आले ते खांद्यावर एक नवी गुंडाळी घेऊनच, वाढदिवशी शुभेच्छा देणारांचे दादांनी मानिलेल्या आभाराचा फ्लेक्स, जो जुन्याचे खाली जोडावयाचा होता. त्यायोगे धबधब्याचा जो तळ फटींतून दिसत होता तोही झाकला गेला. ज्योतीबाईंनी वकिलास त्या सांजेस भाकर वाढिली, पिठले वाढिले नाही.

दुसरी मसलत दरबाराची. ज्योतीबाई स्वतः कचेऱ्या चालोन गेल्या. एका कचेरीने सांगितले की, रस्ता आमचा परंतु कठडा आमचा नाही. दुसरीने सांगितले की, कठड्यापलीकडील झाडे आमची, फ्लेक्स हे झाड नव्हे. तिसरे ठिकाणी एक भले गृहस्थ भेटले, त्यांनी सारे मन लावून ऐकिले, फार वाईट जाहले म्हणाले, आणि मग त्यांचे पाठीमागील भिंतीवर ज्योतीबाईंची नजर गेली तों दादा तेथेही हात जोडून उभे होते. सबब ज्योतीबाई हात चोळीत परत आल्या, येतांना एस्टींत त्यांस बसायला जागाही मिळाली नाही.

तिसरी मसलत वाऱ्यावर सोपविली. आषाढांत घाटमाथ्यावर जो वारा सुटतो तो आलियावर पत्रे उडतात आणि धट्टीकट्टी माणसे भिंत धरून चालतात. तो वारा आला. सासू आणि सून घरांत बसोन त्या वाऱ्याकडे ऐशा आशेने कान देत होत्या की, पूर्वी कोणी पाहुण्याकडे दिला नसेल. झाडे मोडली, वीज गेली, आणि सकाळी उभयता वळणावर येऊन पाहतात तों रंगुबाईंचे छपराची ताडपत्री उडून दरीत गेली होती, एक खुर्ची गेली होती, आणि फ्लेक्स जेथील तेथे, एक सुरकुतीही न पडतां, दादा हात जोडून प्रसन्न. रामहरी त्या गाठींकडे पाहोन बोलोन गेले, "हल्लं न्हाई बघ." मग त्यांस दोघींचे मुख दिसले आणि ते ताडपत्री शोधावयास दरीत उतरले.

येणेप्रमाणे तिन्ही मोर्चे फसले आणि आषाढ सरत आला. पर्यटक साहेबांनी हे हंसण्यावारी नेऊ नये. धान्याचे डबे हलके होऊ लागले होते, आणि तो चारांतील एक मास गेला तो गेला, तो माघ-फाल्गुनांत परत मिळत नाही. आम्हांस लिहितांना राग येतो, कारण की ज्या घराने आयुष्यांत कोणास उपाशी जाऊ दिले नाही त्या घराची ही गत एका हात जोडलेल्या चित्राने केली.

एके सकाळी ज्योतीबाई कोयता घेऊन निघाल्या, फाडूनच टाकावा ऐसे मनांत आणिले. फ्लेक्सापाशी येतात तों रंगुबाई आधीच तेथे उभ्या. टाचा उंच करून त्या पदराने रांगेतील रामहरींचे फोटोवरील पाणी पुसत होत्या.

रंगुबाईच म्हणाल्या, "फाडू नको बाई. माझ्या लेकराचा फोटू हाय त्यावर. जल्मात पयल्यांदा त्याला कुनी फोटूत घेतलं."

"आत्याबाई, त्या फोटूपायी आपली चूल ईझली."

"ते मला कळतंय. म्हनून तर फाडाया मीच आल्ते. पन हात होईना."

मग दोघी कठड्यावर बसल्या. तेवढ्यांत एक माकड आले, फ्लेक्सावर चढून दादांचे डोईवर बसले आणि रिकाम्या रस्त्याकडे पाहू लागले. ज्योतीबाईंनी त्यास पाहिले, रस्त्यास पाहिले, आणि त्यांस आपले वडील आठवले, घोडेगावचा बाजार आठवला, आणि न खपणारा बैल कैसा खपवितात ते आठवले. त्यांनी कोयता पदराआड केला आणि सासूस म्हणाल्या की, नारळ आणि फेटा यांची तजवीज करावी, दादांचा सत्कार करावयाचा आहे.

सत्कारास नकार देणारा नेता अद्याप आमचे मुलुखांत जन्मास आला नाही. दादांस निरोप गेला की, आपले फ्लेक्सास महिना पूर्ण होतो, सबब फ्लेक्साखालीच भाकरीचे जेवण आणि सत्कार योजिला आहे. दादा श्रावणाचे पहिल्या रविवारी पांढऱ्या गाडीतून फौजेसह दाखल जाहले. सूर्यभानही हार घेऊन आले, कारण की त्यांचाही फोटो फ्लेक्सावर होता, तोही वरचे अंगास मान्यवरांत. रंगुबाईंनी औक्षण केले, रामहरींचा लग्नातील फेटा दादांचे मस्तकी चढला, आणि पंगत रस्त्याकडे तोंड करून बसविली. ही ज्योतीबाईंची मांडणी, पंगत जर दरीकडे बसती तर इतिहास निराळा होता.

मग जेवण चालू जाहले आणि दादा पाहू लागले. रविवार, भर दुपार, गाड्यांची रांग लागलेली, आणि एकही गाडी थांबेना. काच खाली येई, मनुष्य विचारी, धबधबा कुठे, उत्तर मिळण्यापूर्वीच काच वर. एकानेही खाली उतरून फ्लेक्स पाहिला नाही. पाहात होते ते फक्त माकड, जे नित्याप्रमाणे दादांचे डोईवर बसोन शेंगा सोलीत होते आणि टरफले दादांचे जोडलेल्या हातांवर टाकीत होते. दादांचा घास मंदावला. तेव्हां ज्योतीबाई भाकर वाढावयास वाकल्या आणि मृदु स्वरे म्हणाल्या:

"दादा, फोटू लई झ्याक आलाय तुमचा. पन मला रोज भाकरी थापताना जिवाला लागतं. एवढा मोठा मानूस, आन् बघायला कोन, तर आमी तिघं आन् ही माकडं. समदी दुनिया तर सूर्यभानकाकांच्या वळनावर उतरती. तिथल्या त्या पंखांच्या भिंतीसमोर मानूस तासतासभर उभा ऱ्हातो. आन् तिथंच नेमका तुमचा फोटू न्हाई."

सूर्यभानांचे हातांतील घास हातांत राहिला आणि तोंडचे पाणी पळाले. दादांनी त्यांजकडे वळून पाहिले, ते पाहणे ऐसे होते की, इतके दिवस ही गोष्ट आमचेपासून कां दडविली.

सूर्यभान चाचरत म्हणाले, "दादा, आपली जागा बारकी हाय. तुमचा फोटू बारीक करावा लागंल, ते मला बघवायचं न्हाई."

ज्योतीबाई लगेच म्हणाल्या, "काका आसं कसं म्हनत्यात, त्यांचा तर फोटू मान्यवरांत हाय."

मग दादांनी तेथल्या तेथे, भाकरीचा तुकडा हातीं असतांनाच, हुकूम फर्माविला की, फ्लेक्स आजच उतरवावा आणि सूर्यभानांचे वळणावर पंखांचे भिंतीसमोर लावावा, माझा फोटो तसूभर लहान होता कामा नये, जागा कमी पडत असेल तर खालची शुभेच्छुकांची रांग कापून काढावी. ऐसे बोलून दादांनी पिठले आणखी मागितले आणि ते चांगले जाहले आहे म्हणाले.

रामहरी पाण्याचा तांब्या घेऊन दादांचे पाठीशीच उभे होते. त्यांनी सारे ऐकिले. तांब्या खाली ठेविला, शिडी आणिली, आणि कोणाकडे न पाहतां वर चढले. आपल्याच गाठी सोडवितां सोडवितां त्यांची बोटे सोलली, पक्कड दोन वेळां निसटली, वरोन श्रावणसर आली, आणि खाली रंगुबाई शिडी धरून उभ्या राहिल्या. दादा केव्हांच निघोन गेले होते. संध्याकाळी शेवटची तार तुटली, फ्लेक्स घसरून खाली आला, आणि पाठीमागे पांढरकडा आणि त्याचा धबधबा, जणू मधे काही जाहलेच नाही ऐसा, कोसळत होता. ज्योतीबाई जिंकल्या होत्या, परंतु त्यांनी त्याकडे पाहिले नाही, त्या नवऱ्याकडे पाहात होत्या.

पुढील वळणावर सूर्यभानांचे गड्यांनी फ्लेक्स पंखांचे भिंतीसमोर ताणिला, खालची रांग कापिली आणि आभाराचे फ्लेक्सासकट गटाराकडेस फेकिली. रामहरींनी ती चिखलांतून उचलिली, पावसाने धुतली, गुंडाळून काखेस मारिली आणि चालत घरी आणिली. आपलाच तुकडा कापून आणावा इतका शहाणपणा त्यांस सुचला नाही, अथवा सुचला तरी रुचला नसेल. ज्योतीबाईंनी पुसिले की, ही सारी पलटण कशास आणिली.

ते म्हणाले, "बाकीच्यांची तोंडं तरी चिखलात कशी टाकू? त्येबी माझ्यावानीच खुळे."

रंगुबाईंनी ती पट्टी घेतली, पदराने पुसली, आणि छपराचे ज्या बाजूने वारा येऊन चूल विझवी त्या बाजूस दोन मेढींमध्ये आडवी बांधावयास लेकास सांगितले. वारा अडला. चूल नीट धरली. धुराने शुभेच्छुक काळवंडत चालले आहेत, परंतु रामहरींचा चष्मा पूर्वीच काळा होता, त्याचे काही बिघडले नाही. ज्योतीबाईंनी त्या रात्रीं भाकर वाढितांना फोटोतील हिरव्या खांद्यावर बोट ठेविले आणि म्हणाल्या, "हा माझा हाय, कापताना ऱ्हायलेला." रामहरी पहिल्यांदाच हंसले, आणि त्यांस पिठले दोन वेळां वाढिले गेले.

पुढील रविवारी गाड्या थांबू लागल्या, खुर्च्या कमी पडू लागल्या, आणि पर्यटक साहेब धबधब्याकडे पाठ करून त्याचे फोटो काढू लागले. सूर्यभानांचे वळणावर पंख दादांचे पाठीमागे गेले, सबब पऱ्या व्हावयास कोणास मिळत नाही, आणि तेथील माकडे वाढली आहेत ऐसे ऐकितो. आणि त्याच रविवारी घोडेगावाकडील तो टेम्पो परत आला, कारण की आजीने घरी जाऊन अन्न गोड लागत नाही म्हणोन हट्ट घेतला होता.

आजी कठड्यावर बसली. हातांत भाकर दिली ती तशीच राहिली, पिठले निवले, ती आपली पाण्याकडे पाहात राहिली. फोटो काढिला नाही. मग पुष्कळ वेळाने रामहरींस पुसती जाहली, "एवढं पानी जातं तरी कुटं?"

रामहरी म्हणाले, "धरनात जातं, आजी. आन् धरनातनं प्रवरेला. ती खाली तुमच्या नेवाश्याकडंच येती की."

आजी म्हणाली, "आमच्या शिवारात न्हाई पोचत बाबा." आणि भाकरीचा तुकडा मोडीत, शांतपणे पुढे म्हणाली, "वाटंत कुनाचा तरी फ्लेक्स आडवा आला आसंल."

रंगुबाईंनी तिचे निवलेले पिठले परत घेतले आणि गरम वाढिले, आणि पैसे घेतले नाहीत.

येणेप्रमाणे श्रावणमासी करवंदवाडीचे वळण मोकळे जाहले, पांढरकड्याचा धबधबा सर जाहला, एक ताडपत्री व एक खुर्ची कामी आली, मनुष्यहानी नाही. मोहिमेचे यश सौभाग्यवती ज्योतीबाई यांजकडे, तारांचे बळ रामहरी यांजकडे, आणि चूल रंगुबाईंकडे, ऐसे नमूद करितो. लोखंडी खांब मात्र उपटेनात, ते रामहरींनी रोविले आहेत. आजीने जी दुसरी मोहीम सांगितली तिचे खांब कोणी आणि कोठे रोविले आहेत हे आम्हांस ठाऊक असून लिहिण्याची छाती नाही. आम्हीही याच तालुक्यात राहतो, आणि आमचेही घरी नळ आहे.